‘ब्लूटूथ पकडत नाही’ म्हणजे नेमके काय होत नाही?

‘ब्लूटूथ पकडत नाही’ ही आमच्याकडची सर्वांत जास्त ऐकू येणारी आणि सर्वांत कमी माहिती देणारी तक्रार आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात संगणक शिकवतो, त्यामुळे विद्यार्थी, त्यांचे पालक, फोटो स्टुडिओवाले, जिनिंगमधले हिशेबनीस असे निरनिराळे लोक ही तक्रार घेऊन येतात. वाक्य प्रत्येकाचे तेच असते, बिघाड मात्र वेगळा असतो. एकाच्या संगणकाला फोन दिसतच नाही, दुसऱ्याला दिसतो पण जोडणी नाकारली जाते, तिसऱ्याची जोडणी होते आणि लगेच तुटते, चौथ्याचे सगळे सुरळीत असूनही फाईल जात नाही, तर पाचव्याच्या लॅपटॉपमधून ब्लूटूथचे चिन्हच नाहीसे झालेले असते. या पाचही गोष्टींवर लोक एकच उपाय करतात: दोन्हीकडचे ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करणे. हा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही, आणि लागू पडला तरी का पडला हे कळत नसल्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा तीच धडपड करावी लागते.

इंटरनेट हाताशी असताना ब्लूटूथची उठाठेव कशाला, असे कोणी विचारेल. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की झाले, हे शहरापुरते ठीक आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या डोंगरपाड्यांवर जे शिक्षक काम करतात, त्यांना नेटवर्कसाठी एखादी टेकडी चढावी लागणे नवीन नाही. रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकाला कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाने पिवळ्या रेषा पडलेल्या पानांचे फोटो अर्जाला जोडायचे असतात, आणि व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने आक्रसून बारकावे गमावतो. ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही, डेटा पॅक लागत नाही, आणि ते फाईल आहे तशी, तिचा एकही बाइट न कापता पोहोचवते. म्हणून ही जुनी सोय अजूनही टाकाऊ झालेली नाही.

कोणताही उपाय करण्याआधी बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. पायऱ्या तीन आहेत. पहिली म्हणजे दोन्ही उपकरणांनी एकमेकांना दिसणे. दुसरी म्हणजे त्यांची ओळख पटून ती ओळख दोन्हीकडे नोंदली जाणे, ज्याला आपण पेअरिंग म्हणतो. तिसरी म्हणजे त्या ओळखीच्या आधारे एखादे ठरावीक काम, अर्थात एखादी सेवा सुरू होणे. कापसाच्या व्यापाऱ्याकडे खाते उघडले म्हणजे माल विकला गेला असे होत नाही, तसेच पेअरिंग झाले म्हणजे फाईल जाण्याची वाट मोकळी झाली असे होत नाही.

पेअरिंगच्या वेळी दोन्ही उपकरणे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक भेटीत याच किल्लीवरून एकमेकांची खातरजमा केली जाते. २००७ साली आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून या कामी सहा अंकी संख्या दोन्ही पडद्यांवर दाखवली जाते. त्याआधी ‘००००’ किंवा ‘१२३४’ असा पिन हाताने टाकावा लागे. ही संख्या दाखवण्यामागचा उद्देश असा, की मधेच एखादे तिसरे उपकरण घुसून दोघांशीही बोलत नाही ना, हे माणसाने डोळ्यांनी पाहून ठरवावे. प्रत्यक्षात संख्या न वाचताच ‘पेअर’ दाबणाऱ्यांचीच गर्दी मोठी आहे. शिवाय दोन्ही पडद्यांवर संमती द्यावी लागते, आणि फोनवर संमती देऊन झाल्यावर संगणकावरचा प्रश्न खिडक्यांच्या आड तसाच राहून मुदत संपते, हे तर वारंवार घडते. ‘पेअर होत नाही’ असे कोणी म्हणाले की मी आधी संगणकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एखादी सूचना अडकून पडली आहे का, ते पाहतो.

पेअरिंग झाल्यावर संगणक काही क्षण ‘कनेक्टेड’ असे दाखवतो आणि मग नुसते ‘पेअर्ड’ दाखवू लागतो. येथे बहुतेक लोक घाबरतात, जोडणी तुटली असे समजतात, फोन यादीतून काढून टाकतात आणि सगळे पहिल्यापासून करतात. वास्तविक हा बिघाड नाही. इअरफोन किंवा माऊस यांचे काम अखंड चालू असते म्हणून त्यांची जोडणी टिकून राहते. फोन आणि संगणक यांच्यामध्ये मात्र काम असेल तेव्हाच जोडणी उभी राहते, आणि काम संपले की ती सोडून दिली जाते. ‘पेअर्ड’ एवढेच दिसत असताना फाईल पाठवून पाहावी. बहुधा ती जाते.

आता ज्या तक्रारीवर सर्वांत जास्त वेळ वाया जातो तिच्याकडे वळतो. फोनवरून फोटो निवडला, ‘शेअर’मधून ब्लूटूथ निवडले, संगणकाचे नाव निवडले, आणि थोड्या वेळाने ‘फाईल पाठवली गेली नाही’ असा निरोप आला. रावेरकडचे एक केळी उत्पादक याच कारणासाठी आपला लॅपटॉप घेऊन आले होते. “भाऊ, पेअर तर झालं, मग हा घेत का नाही?” असा त्यांचा सरळ प्रश्न होता. उत्तरही तितकेच सरळ आहे: विंडोजवर चालणारा संगणक ब्लूटूथने आलेली फाईल आपण होऊन स्वीकारत नाही. फाईल येणार आहे, वाट पाहा, असे त्याला आधी सांगावे लागते. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात घड्याळाजवळ ब्लूटूथचे चिन्ह असते, त्यावर राइट क्लिक करून ‘रिसीव्ह अ फाईल’ निवडले की एक छोटी खिडकी उघडते आणि ती जोडणीची वाट पाहत असल्याचे सांगते. ही खिडकी उघडी असतानाच फोनवरून फाईल पाठवायची. आधी पाठवून मग खिडकी उघडली तर उपयोग होत नाही. फाईल पूर्ण आल्यावर ती कोठे ठेवायची हे तीच खिडकी विचारते आणि ‘फिनिश’ दाबल्यावरच फाईल त्या जागी ठेवली जाते. काम झाले असे समजून वरच्या कोपऱ्यातली फुली दाबणाऱ्याला नंतर फाईल सापडत नाही.

चिन्हच दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या पानावर ‘सेंड ऑर रिसीव्ह फाईल्स व्हाया ब्लूटूथ’ अशी ओळ असते, तिच्यावरूनही हेच काम होते. विंडोज ११ मध्ये ती ‘डिव्हायसेस’च्या आतल्या पानावर बरीच खाली गेली आहे. ज्यांना इतके शोधायचे नसेल त्यांनी विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत एफ, एस, क्यू, यू, आय, आर, टी ही इंग्रजी अक्षरे सलग टाईप करून एंटर दाबावे; तोच कार्यक्रम थेट उघडतो.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे संगणकाकडून फोनकडे, त्या मानाने सोपा आहे, कारण अँड्रॉइड फोन फाईल आल्याची सूचना आपण होऊन दाखवतो. मात्र ती सूचना वेळेत उघडून ‘स्वीकारा’ दाबावे लागते. फोन खिशात ठेवून संगणकासमोर बसणाऱ्याला ही सूचना दिसत नाही आणि थोड्याच वेळात संगणक अपयशाचा निरोप देतो. आलेली फाईल बहुतेक फोनांत ‘ब्लूटूथ’ किंवा ‘डाउनलोड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते, म्हणून ती गॅलरीत लगेच दिसली नाही तर फाईल मॅनेजर उघडून या दोन जागा पाहाव्यात.

इतके करूनही फोन संगणकाला दिसतच नसेल, तर बिघाड पहिल्या पायरीवर आहे. ब्लूटूथ चालू असणे आणि इतरांना दिसणे या वेगळ्या अवस्था आहेत. सुरक्षेसाठी अँड्रॉइड फोन नव्या उपकरणांना फक्त ब्लूटूथच्या सेटिंगचे पान उघडे असेपर्यंतच दिसतो, आणि विंडोजचा संगणकही साधारण तसाच वागतो. म्हणून पहिल्यांदा पेअरिंग करताना दोन्हीकडे ते पान उघडे ठेवावे आणि फोनचा पडदा मालवू देऊ नये. संगणकावर ‘मोअर ब्लूटूथ सेटिंग्ज’मध्ये ब्लूटूथ उपकरणांना हा संगणक शोधू देण्याची एक चौकट असते, तिथली खूणही पाहून घ्यावी. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणखी एक मेख आहे. तिथे ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ नावाचे सेटिंग मुळात ‘डीफॉल्ट’वर असते आणि त्या अवस्थेत इअरफोन, माऊस, कीबोर्ड असे नेहमीचे साहित्यच यादीत दाखवले जाते. तेच ‘ॲडव्हान्स्ड’वर नेले की इतर उपकरणेही दिसू लागतात. नवा लॅपटॉप घेतलेल्या अनेकांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. संगणकावरून फोन सापडत नसेल तर फोनवरून संगणक शोधून पाहणे हाही एक साधा मार्ग आहे. पेअरिंगची सुरुवात कोणी केली याने पुढे काही फरक पडत नाही.

दिसण्याच्या संदर्भात नावांचा गोंधळही सांगायला हवा. वर्गात तीसेक मुले बसलेली असताना यादीत एकाच मॉडेलचे नाव सात-आठ ओळींवर दिसते आणि आपला फोन कोणता हे कळत नाही. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये ‘डिव्हाइसचे नाव’ बदलता येते. ते देवनागरीतही ठेवता येते, कारण ब्लूटूथच्या नियमाप्रमाणे हे नाव यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीने, २४८ बाइटपर्यंत लिहिता येते. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, तेव्हा आजोबांपासूनची वंशावळ सोडली तर हवे ते नाव त्यात बसते. फक्त जुन्या एखाद्या स्पीकरच्या किंवा गाडीच्या पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसण्याची शक्यता गृहीत धरावी.

दुसऱ्या पायरीवरचा सर्वांत चिवट बिघाड शिळ्या किल्लीचा असतो. फोन रीसेट केला, संगणकात विंडोज नव्याने टाकले, किंवा रागाच्या भरात एका बाजूने दुसऱ्याचे नाव काढून टाकले, तर एकीकडची किल्ली नाहीशी होते आणि दुसरीकडची तशीच राहते. मग एक बाजू जुन्या ओळखीने बोलू पाहते, दुसरी तिला ओळखत नाही, आणि पडद्यावर पिन चुकला असा निरोप येतो, जरी पिन कोणी विचारलेलाच नसला. येथे ब्लूटूथ कितीही वेळा बंद-चालू केले तरी उपयोग नाही. संगणकावर ‘रिमूव्ह डिव्हाइस’ आणि फोनवर ‘विसरा’ किंवा ‘अनपेअर’, असे दोन्हीकडून नाव काढावे, दोन्ही उपकरणे पुन्हा सुरू करावीत, आणि मग नव्याने पेअरिंग करावे. तरीही अडले तर फोनच्या सिस्टीममधल्या रीसेटच्या पर्यायांत वाय-फाय आणि ब्लूटूथ पूर्ववत करण्याची सोय असते. तिने फोटो किंवा संपर्क जात नाहीत, पण जतन केलेली वाय-फायची नेटवर्के पासवर्डांसह आणि सगळी ब्लूटूथ उपकरणे विसरली जातात, हे आधी लक्षात घ्यावे.

ज्यांच्या एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली आहेत त्यांना हीच अडचण रोज भेटते. दोन्ही प्रणाली एकच ब्लूटूथ यंत्र वापरतात, त्यामुळे फोनला त्याचा ४८ बिटांचा पत्ता एकच दिसतो. पण प्रत्येक प्रणालीची किल्ली वेगळी असते आणि फोन शेवटची तेवढी लक्षात ठेवतो. लिनक्समध्ये पेअर केले की विंडोजची जोडणी मोडते, आणि उलट. विंडोजच्या रजिस्ट्रीतली, म्हणजे सेटिंगांच्या आतल्या नोंदवहीतली, किल्ली काढून लिनक्सच्या ब्लूटूथ फोल्डरमध्ये बसवता येते, परंतु हे काम जाणकाराने करावे. इतरांनी फोनची देवाणघेवाण कोणत्या तरी एकाच प्रणालीतून करण्याचे ठरवणे शहाणपणाचे. नुसत्या लिनक्सवर ब्लूटूथ चालूच होत नसेल तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल’ या आज्ञेने ते अडवलेले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

आता लॅपटॉपमधून ब्लूटूथ समूळ गायब होण्याचा प्रकार. सेटिंगमध्ये चालू-बंदचे बटण नाही, घड्याळाजवळ चिन्ह नाही, जणू यंत्रात ब्लूटूथ कधी नव्हतेच. येथे आधी एअरप्लेन मोड आणि कीबोर्डवरची वायरलेसची कळ पाहावी, कारण ती चुकून दाबली गेलेली असू शकते. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकातल्या यंत्रांची विंडोजमधली यादी, उघडून ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणे दाखवण्यास सांगावे. ब्लूटूथचे नाव फिकट दिसत असेल तर ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्राम, आहे पण यंत्र हाकेला ओ देत नाही. नावावर पिवळा त्रिकोण आणि कोड १० किंवा कोड ४३ दिसत असेल तर यंत्र सापडले आहे पण सुरू होऊ शकलेले नाही. बहुतेक लॅपटॉपांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डावर असतात, परंतु त्यातले ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीच्या मार्गाने जोडलेले असते. त्यामुळे वाय-फाय उत्तम चालू असताना ब्लूटूथ मात्र गायब, असे होऊ शकते, आणि म्हणूनच ‘वाय-फाय चालते म्हणजे कार्ड चांगले आहे’ हा युक्तिवाद पुरा पडत नाही.

असे अडकलेले कार्ड पुष्कळदा वीज पूर्ण तोडल्याने मोकळे होते. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवावे आणि मग सुरू करावा. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे तिचा संबंध वीज जाण्याशी येतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय मुळात चालू असते. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा उचलली जाते, म्हणजे बिघडलेली अवस्थाही पुन्हा जशीच्या तशी उचलली जाऊ शकते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. त्यामुळे ‘रात्री बंद केला होता, सकाळी चालू केला, तरी तेच’ असे सांगणाऱ्याला मी आधी ‘रीस्टार्ट’ करायला सांगतो. लोडशेडिंगच्या धसक्याने जे लोक काम झाले की ताबडतोब शट डाउन करून बोर्डावरचे बटणही बंद करतात, त्यांच्या संगणकाला खरा रीस्टार्ट कित्येक आठवडे मिळत नाही.

ब्लूटूथ मधूनमधून नाहीसे होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती खूण काढावी. एखाद्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून पाहावे. नवा ड्रायव्हर घ्यायचा असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमका आपल्या मॉडेलचाच घ्यावा. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अद्ययावत करून देण्याचे आमिष दाखवणारे फुकट प्रोग्राम मी कोणालाही सुचवत नाही.

डेस्कटॉपची गोष्ट थोडी निराळी. तिथे ब्लूटूथ बहुधा डोंगलने, म्हणजे यूएसबीच्या खाचेत लावायच्या छोट्या यंत्राने, येते आणि तो डोंगल पाठीमागे, पत्र्याच्या कॅबिनेटला टेकून, भिंतीकडे तोंड करून बसवलेला असतो. ब्लूटूथची साधारण पोहोच १० मीटर असे सांगितले जाते, पण ती मोकळ्या जागेतली. लोखंडी कपाट, पत्र्याची पार्टिशन, गोदरेजची तिजोरी यांच्याआड ती झपाट्याने कमी होते. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती हात-दीड हात रुंद असतात. त्या उन्हाळ्यात ४४-४५ अंशांची झळ आत येऊ देत नाहीत आणि पलीकडच्या खोलीतला फोनही संगणकाला नीट ऐकू येऊ देत नाहीत. पहिली जोडणी करताना फोन संगणकाशेजारी, टेबलावरच ठेवावा.

त्यातही डोंगल निळ्या जिभेच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत किंवा तिच्या लगत असेल, आणि शेजारी एखादी बाहेरची हार्ड डिस्क चालू असेल, तर जोडणी तुटक होते. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि यूएसबी ३ च्या वेगवान वहनातून नेमक्या याच पट्ट्यात रेडिओ-गोंगाट उठतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात मोजून दाखवले होते. डोंगल पुढच्या बाजूच्या यूएसबी २ च्या खाचेत लावणे, किंवा एक-दीड हाताची एक्स्टेंशन वायर लावून त्याला टेबलावर आणणे, हा उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहे. ज्या मदरबोर्डमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ आधीच बसवलेले असते, त्याच्या मागे दोन पितळी खुंट्या असतात. त्यांवर अँटेना पिळून बसवायच्या असतात. संगणक जोडून देणाऱ्याने त्या खोक्यातच ठेवल्या असतील तर ब्लूटूथ वीतभर अंतरावरच चालते. खोके फेकण्यापूर्वी ते एकदा झटकून पाहावे.

याच पट्ट्यात वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करून सेकंदाला १६०० वेळा एकातून दुसऱ्यात उडी मारते, आणि २००३ मधल्या १.२ या आवृत्तीपासून गजबजलेले भाग ओळखून टाळतेही. त्यामुळे शेजाऱ्याच्या राउटरने ब्लूटूथ बंद पडत नाही, फक्त मंदावते. फोनवर त्याच वेळी ब्लूटूथच्या इअरफोनमध्ये गाणी चालू असतील तर तीही त्याच रेडिओचा वेळ खातात, म्हणून मोठी फाईल पाठवताना ती थांबवावीत.

मंदावण्याचा विषय निघालाच आहे, तर वेगाची अपेक्षा किती ठेवावी हेही सांगतो. फाईल पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या, ‘क्लासिक’ ब्लूटूथचा नाममात्र वेग सेकंदाला ३ मेगाबिट असतो आणि त्यातून प्रत्यक्ष माहिती जास्तीत जास्त सुमारे २.१ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण २५० किलोबाइट जाते. ४ एमबीचा फोटो पंधरा-वीस सेकंदांत जातो, पण लग्नाचा १ जीबीचा व्हिडिओ तासाभराहून अधिक वेळ घेतो, तोही मध्ये काही तुटले नाही तर. अशा वेळी ‘ब्लूटूथ हळू आहे’ ही तक्रार नसून ब्लूटूथचे वर्णन आहे. दुकानदार याच ठिकाणी ‘५.३ चा डोंगल घ्या, फाईल झरझर जाईल’ असे सांगतात. पाचव्या आवृत्तीत दुप्पट झालेला वेग आणि वाढलेली पोहोच ‘लो एनर्जी’ या दुसऱ्या प्रकारासाठी आहे, आणि फोन-संगणकातली नेहमीची फाईल त्या मार्गाने जात नाही. आवृत्त्या न जुळल्याने जोडणी होत नाही, हे त्याच दुकानातले दुसरे वाक्यही खरे नाही; ४.० चा संगणक आणि ५ च्या पुढचा फोन यांचे फाईलपुरते जमते.

आयफोनधारकांनी या सगळ्या खटपटीत पडू नये. फाईल ढकलण्याची जी सेवा अँड्रॉइड आणि विंडोज वापरतात ती आयफोनमध्ये दिलेलीच नाही, त्यामुळे पेअरिंग यशस्वी झाले तरी फोटो विंडोजच्या संगणकावर ब्लूटूथने जाणार नाही. त्यांनी केबल वापरावी. फोनवरचे गाणे संगणकाच्या स्पीकरवर ऐकण्याची क्षमता विंडोज १० मध्ये २०२० पासून आहे, पण ती जागी करण्यासाठी स्टोअरमधून एखादे छोटे ॲप घ्यावे लागते. ‘पेअर झाले पण आवाज येत नाही’ याचे कारण बहुधा एवढेच असते.

अँड्रॉइडवाल्यांनीही मोठ्या फाईलसाठी ब्लूटूथचा हट्ट धरू नये. ‘क्विक शेअर’ ही सोय ब्लूटूथचा उपयोग फक्त शेजारचे उपकरण शोधण्यासाठी करते आणि प्रत्यक्ष फाईल वाय-फायवरून नेते. तिला इंटरनेट लागत नाही, आणि ६४ बिटांच्या विंडोज १० किंवा ११ साठी तिचे ॲप मिळते. ॲप मात्र एकदा नेटवरून उतरवून घ्यावे लागते, म्हणून डोंगरात जाणाऱ्याने ते गावातच बसवून, एकदा फाईल पाठवून पाहून मग निघावे. हेही नको असेल तर डेटा केबल आहेच. फक्त केबल लावल्यावर फोनच्या सूचनांमध्ये ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाईल ट्रान्सफर’ निवडावे लागते, आणि चार्जरबरोबर आलेली प्रत्येक वायर माहिती वाहून नेणारी असतेच असे नाही.

सेवा केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आपला फोन दुसऱ्याच्या संगणकाशी पेअर केला असेल, तर काम झाल्यावर दोन्हीकडून नाव काढून टाकावे. पेअरिंगच्या वेळी फोन संपर्क आणि कॉलची नोंद वापरू देण्याची परवानगी विचारतो. फाईल पाठवण्यासाठी तिची काहीही गरज नसते, त्या चौकटीतली खूण काढूनच पुढे जावे. सात-बाराचा उतारा फोनवर घेण्यापुरते आलेले काम असेल, तर केंद्रचालकाच्या संगणकाला आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर कळण्याचे काही कारण नाही.